ब्रुकलिन डॉजर्स : १९४७ चा हंगाम

ब्रुकलिन डॉजर्स हा न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील व्यावसायिक बेसबॉल संघ. त्याचा १९४७ चा हंगाम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या क्रीडेतिहासात आणि सामाजिक इतिहासातही महत्त्वाचा मानला जातो. या हंगामात संघाने ९४ सामने जिंकून व ६० गमावून नॅशनल लीगचे अजिंक्यपद मिळविले. त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र न्यूयॉर्क यांकीज या संघाने त्यास चार विरुद्ध तीन सामन्यांनी हरविले. जॅकी रॉबिन्सन (१९१९–७२) हा कृष्णवर्णीय खेळाडू याच हंगामात डॉजर्सकडून उतरला आणि सु. साठ वर्षे चालत आलेली वर्णबंदी मोडली. या बंदीच्या समर्थनार्थ जी कारणे सांगितली जात, त्यांची कसोटी या हंगामाच्या निकालांत लागली.

पार्श्वभूमी : मेजर लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वोच्च स्तरावर त्या काळी नॅशनल लीग व अमेरिकन लीग अशा दोन संघटना असून प्रत्येकीत आठ संघ होते. प्रत्येक संघ आपल्या लीगमधील इतर सात संघांशी प्रत्येकी २२, म्हणजे एकूण १५४ सामने खेळे. दोन्ही लीगच्या अजिंक्य संघांत शरद ऋतूत सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज होई आणि चार सामने प्रथम जिंकणारा संघ विजेता ठरे.

एकोणिसाव्या शतकात काही कृष्णवर्णीय खेळाडू गौरवर्णीयांच्या संघांतून खेळत. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा १८८४ मध्ये टोलीडो संघातून त्या काळच्या मेजर लीगमध्ये खेळला होता. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या संघमालकांनी नव्या कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार न करण्याचे ठरविले. पुढे हीच प्रथा सर्वत्र रूढ झाली. ती कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नव्हती. त्यामुळे तिला आव्हान देणे कठीण होते, कारण विचारणा होताच अशी बंदी अस्तित्वातच नाही, असे उत्तर मिळे. कृष्णवर्णीयांत पुरेसे कौशल्य नाही, सहखेळाडू त्यांना स्वीकारणार नाहीत आणि प्रेक्षक पाठ फिरवतील, अशी तीन कारणे खाजगीत सांगितली जात. बंदीमुळे बाहेर राहिलेल्या खेळाडूंनी व संघचालकांनी स्वतःच्या संघटना उभारल्या. १९२० मध्ये रूब फॉस्टर याने निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांसारखे असामान्य खेळाडू या लीगमध्ये घडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटू लागली. नोकरीतील वर्णभेदास मनाई करणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्ये संमत केला. डॉजर्सचा अध्यक्ष ब्रँच रिकी (१८८१–१९६५) याने त्याच वर्षी, २८ ऑगस्ट रोजी, रॉबिन्सनची भेट घेतली. रिकीच्या हेतूंविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. धर्मश्रद्धा, अन्यायाची चीड, उत्तम खेळाडू इतरांआधी मिळविण्याची दूरदृष्टी आणि तिकिटविक्रीचा हिशेब या सर्वांचा त्यात वाटा असावा. रॉबिन्सन हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स शाखेत चार खेळांत चमकलेला विद्यार्थी होता. सैन्यात अधिकारी असताना १९४४ मध्ये त्याने बसमध्ये मागच्या बाजूस जाऊन बसण्यास नकार दिला. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला व तो निर्दोष सुटला. अशा मानी पुरुषाला रिकीने घातलेली अट अवघड होती : कितीही अपमान झाला तरी प्रारंभीच्या काळात प्रत्युत्तर द्यावयाचे नाही. रॉबिन्सनने ती मान्य केली. १९४६ चा हंगाम तो डॉजर्सच्या माँट्रिऑल येथील दुय्यम संघाकडून खेळला व ०·३४९ या सरासरीने इंटरनॅशनल लीगमध्ये फलंदाजीत पहिला आला.

हंगामपूर्व घडामोडी : १९४६ मध्ये डॉजर्स व सेंट लूइस कार्डिनल्स या संघांची विजयसंख्या समान झाली होती आणि निर्णयासाठी खेळविलेले दोन्ही सामने डॉजर्सने गमावले होते. त्यामुळे १९४७ साली संघाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. दक्षिणेकडील राज्यांतील वर्णभेदाचे कायदे टाळण्यासाठी रिकीने वसंतकालीन सराव क्यूबातील हॅव्हाना येथे ठेवला. सरावाच्या काळातच संघातील काही खेळाडूंनी, विशेषतः दक्षिणेतील खेळाडूंनी, रॉबिन्सनच्या निवडीविरुद्ध अर्ज तयार करण्याचा घाट घातला. व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर याने तो कठोरपणे मोडून काढला. मूळ दक्षिणेतील केंटकी राज्याचा असलेल्या पी वी रीझ याने अर्जावर सही करण्याचे नाकारले.

हंगाम सुरू होण्यास आठवडाही उरला नसताना, ९ एप्रिल रोजी, बेसबॉल आयुक्त हॅपी चँडलर याने बेसबॉलच्या हितास बाधक वर्तनाचा ठपका ठेवून ड्यूरोशरला वर्षभरासाठी निलंबित केले. दुसऱ्याच दिवशी रॉबिन्सनला मुख्य संघात घेतल्याचे जाहीर झाले. पहिले दोन सामने क्लाइड सुकफर्थ याने सांभाळले व नंतर बासष्ट वर्षांच्या बर्ट शॉटनकडे व्यवस्थापन आले. शॉटन खेळाडूंचा गणवेश न घालता साध्या पोशाखात बसे. त्याच्या शांत स्वभावाचा संघाला उपयोग झाला.

हंगामाची वाटचाल : १५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्ड या डॉजर्सच्या मैदानावर बॉस्टन ब्रेव्हज संघाविरुद्ध रॉबिन्सन प्रथम उतरला. तो मुळात दुसऱ्या बेसवर खेळणारा असूनही ती जागा एडी स्टँकीकडे असल्याने त्याला पहिल्या बेसवर उभे करण्यात आले. सु. २६ हजार प्रेक्षक उपस्थित होते व त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असावेत, असा अंदाज आहे. रॉबिन्सनला त्या दिवशी एकही यशस्वी फटका मारता आला नाही. परंतु सातव्या डावात त्याने आघाडीची धाव घेतली आणि डॉजर्सने सामना ५–३ असा जिंकला.

२२ एप्रिलपासून फिलाडेल्फिया फिलीज संघ ब्रुकलिनमध्ये खेळावयास आला. त्याचा व्यवस्थापक बेन चॅपमन व काही खेळाडू यांनी रॉबिन्सनवर वर्णवाचक शिव्यांचा भडिमार केला. रॉबिन्सनला प्रत्युत्तर देण्याची मुभा नाही, हे ठाऊक असूनही हे चालू राहिले, तेव्हा स्टँकीने प्रतिपक्षास जाहीरपणे फटकारले. वस्तुतः स्टँकीचा आरंभी या निवडीस पाठिंबा नव्हता. अशा रीतीने फूट पाडण्यासाठी केलेल्या छळामुळे संघ एकत्र आला, असे पुढे रिकीने नमूद केले. त्या पहिल्या सामन्यात डॉजर्सचा विजय १–० असा झाला व ती एकमेव धाव रॉबिन्सनची होती.

मे महिन्यात न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून या दैनिकाने कार्डिनल्सचे खेळाडू रॉबिन्सनविरुद्ध संपाच्या विचारात होते, अशी बातमी छापली. खेळाडूंनी तिचा इन्कार केला आणि ही योजना कितपत पुढे गेली होती याविषयी आजही एकवाक्यता नाही. मात्र नॅशनल लीगचा अध्यक्ष फोर्ड फ्रिक याने, संप करणाऱ्यांना निलंबित करण्यात येईल, अशी स्पष्ट भूमिका घेतली. याच महिन्यात फिलाडेल्फियातील हॉटेलने रॉबिन्सनमुळे संघास जागा नाकारली. त्याला धमकीची पत्रेही येत. प्रेक्षकांच्या शिव्यांना न जुमानता रीझने मैदानावर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ही कथा प्रसिद्ध असून तिचे स्मारकशिल्प २००५ मध्ये ब्रुकलिन येथे उभारण्यात आले. तथापि १९४७ च्या वृत्तपत्रांत या प्रसंगाची नोंद आढळत नाही व काही अभ्यासक तो नंतरच्या वर्षातील मानतात.

खेळाच्या दृष्टीने पाहता डॉजर्सचे बळ होमरनमध्ये नव्हते. याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सने २२१ होमरनांचा विक्रम केला, तरी तो संघ ८१ विजयांसह चौथ्या क्रमांकावर राहिला. डॉजर्सचे होमरन फक्त ८३ होते व संघातील कोणाही एकाचे बारापेक्षा अधिक नव्हते. रॉबिन्सन व रीझ यांनी प्रत्येकी बारा मारले. बेसवर पोहोचणे, वेगाने पळणे आणि प्रतिस्पर्ध्यास चुका करावयास लावणे ही संघाची पद्धत होती. निग्रो लीगमध्ये मुरलेली चपळ खेळण्याची रीत रॉबिन्सनबरोबर नॅशनल लीगमध्ये आली. १५१ सामन्यांत त्याची सरासरी ०·२९७ होती. त्याने १२५ धावा केल्या आणि २९ बेस चोरून (म्हणजे प्रतिस्पर्धी पिचर चेंडू फेकत असताना पुढील बेस गाठून) लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. पीट रीझर (०·३०९) व डिक्सी वॉकर (०·३०६) यांची फलंदाजीही प्रभावी ठरली. मात्र जूनमध्ये झेल घेताना मैदानाच्या भिंतीवर आदळून रीझर गंभीर जखमी झाला. एकवीस वर्षांच्या राल्फ ब्रँका या पिचरने २१ सामने जिंकून दिले. चेंडूफेकीची सूत्रे सामन्याच्या उत्तरार्धात हाती घेणारा ह्यू केसी हा संघाचा दुसरा आधार होता.

२० ऑगस्ट रोजी कार्डिनल्सच्या एनॉस स्लॉटरने पहिल्या बेसवर रॉबिन्सनच्या पायावर खिळ्यांचा बूट ठेवला. तो अपघात असल्याचे स्लॉटरने सांगितले. पण डॉजर्सच्या खेळाडूंना ते पटले नाही. २२ सप्टेंबर रोजी डॉजर्सचे लीग-अजिंक्यपद निश्चित झाले. कार्डिनल्स (८९ विजय) पाच सामन्यांनी मागे राहिला. डॉजर्सच्या घरच्या सामन्यांना १८,०७,५२६ प्रेक्षक आले. नॅशनल लीगमधील तोवरचा हा उच्चांक होता. बेसबॉल लेखकांच्या संघटनेने या वर्षापासून सुरू केलेला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार रॉबिन्सनला मिळाला. १९८७ मध्ये त्या पुरस्कारास त्याचेच नाव देण्यात आले.

वर्ल्ड सिरीज : ३० सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर या काळात झालेली ही स्पर्धा दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेली पहिली वर्ल्ड सिरीज होय. पहिले दोन सामने यांकीजने ५–३ व १०–३ असे जिंकले. तिसरा डॉजर्सने ९–८ असा घेतला. चौथ्या सामन्यात यांकीजचा पिचर बिल बेव्हन्स याने नवव्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत डॉजर्सला एकही यशस्वी फटका मारू दिला नव्हता. मात्र त्याच्या स्वैर फेकीमुळे दहा फलंदाजांना पहिला बेस आपोआप मिळाला होता. तेव्हा बदली आलेल्या कुकी लव्हाजेटोच्या एकाच फटक्यावर दोन धावा निघाल्या आणि सामना डॉजर्सने ३–२ असा जिंकला. पाचवा यांकीजने २–१ असा जिंकला. सहाव्यात अल जिऑनफ्रिडो याने जो डिमॅजिओचा दूरवर गेलेला फटका झेलला व डॉजर्सने ८–६ असा विजय मिळवून बरोबरी साधली. सातव्या सामन्यात यांकीजच्या जो पेजने अखेरच्या पाच डावांत डॉजर्सला रोखले आणि यांकीज ५–२ असा विजयी झाला. बेव्हन्स, लव्हाजेटो व जिऑनफ्रिडो हे तिघेही त्यानंतर मेजर लीगमध्ये पुन्हा खेळले नाहीत.

परिणाम व मूल्यमापन : कृष्णवर्णीय कौशल्यात उणे, सहखेळाडू बंड करतील आणि प्रेक्षक दुरावतील, ही तिन्ही विधाने १९४७ च्या आकडेवारीने खोटी ठरविली. तरीही इतर संघांनी घाई केली नाही. त्या वर्षी रॉबिन्सनखेरीज आणखी चारच कृष्णवर्णीय मेजर लीगमध्ये खेळले. त्यांपैकी लॅरी डोबी हा ५ जुलै रोजी क्लीव्हलँडकडून उतरला व अमेरिकन लीगमधील पहिला ठरला. पिचर डॅन बँकहेड यास ऑगस्टमध्ये डॉजर्सनेच घेतले. सोळाही संघांत कृष्णवर्णीयांस प्रवेश मिळण्यास १९५९ साल उजाडले. त्या वर्षी बॉस्टन रेड सॉक्स या शेवटच्या संघाने आपली बंदी सोडली. डॉजर्सचा संघ मात्र बलवान झाला. रॉय कॅम्पनेला, डॉन न्यूकम इत्यादींच्या साहाय्याने त्याने १९४९, १९५२, १९५३, १९५५ व १९५६ या वर्षी लीग जिंकली आणि १९५५ मध्ये यांकीजला हरवून आपली पहिली वर्ल्ड सिरीज मिळविली. १९५७ च्या हंगामानंतर संघ लॉस अँजेल्सला हलविण्यात आला.

या यशाची किंमत मुख्यतः कृष्णवर्णीयांच्याच संस्थांना मोजावी लागली. रॉबिन्सनच्या मूळ संघास, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, रिकीने कोणताही मोबदला दिला नाही. एफा मॅनली हिने पती एब यांच्यासह चालविलेल्या न्यूअर्क ईगल्स या संघाच्या सामन्यांना १९४६ मध्ये सु. १,२०,००० प्रेक्षक आले होते. १९४७ मध्ये ही संख्या सु. ५७,००० वर आली. प्रेक्षक व उत्तम खेळाडू दोन्ही निघून गेल्याने निग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंद पडली. खेळाडूंना दार उघडले, तरी तेथील व्यवस्थापक, संघचालक व मालक यांना मेजर लीगमध्ये स्थान मिळाले नाही. मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक फ्रँक रॉबिन्सन १९७४ मध्ये नेमला गेला. मृत्यूच्या काही दिवस आधी, १९७२ च्या वर्ल्ड सिरीजच्या समारंभात जॅकी रॉबिन्सनने याच उणिवेकडे लक्ष वेधले होते. ती दूर झालेली पाहण्यास तो हयात राहिला नाही.

रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व मेजर लीग संघांतून सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आला आणि २००४ पासून १५ एप्रिल हा त्याच्या नावाचा दिन म्हणून पाळला जातो. १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना २०२० मध्ये मेजर लीगचा दर्जा देण्यात आला व २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. या निर्णयामुळे १९४७ पूर्वी मोनार्क्सकडून रॉबिन्सनने केलेला खेळही मेजर लीगचा खेळ म्हणून गणला जातो. बंदीच्या काळात कौशल्याचा अभाव नव्हता, हे अधिकृत नोंदींत मान्य होण्यास डॉजर्सच्या त्या हंगामानंतर सत्तराहून अधिक वर्षे लागली.