लग्नाआधीचं प्रेम आणायचं कुठून?

नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी उघड गाऱ्हाणं मांडलंय. आपल्याकडे लग्नं पोरवयातच उरकतात, रोजच्या जगण्यात चित्त खिळेल असं काही घडत नाही, मग कादंबरीकारानं लिहायचं तरी काय? त्यापेक्षा अद्भुताकडे वळलेलं बरं. त्यांच्या अगोदर 1861 मध्ये हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली होती, तीही अद्भुतरम्यच. लोक या पुस्तकांना हसतात, पण मला रिसबुडांचं म्हणणं पटतं. नायिकेचं लग्न आठव्या वर्षी झालेलं असेल, तर ती प्रेमात पडणार कधी?

या अडचणीतून मराठी प्रेमकथा बाहेर पडली ती ना. सी. फडक्यांच्या हातून. जन्म 1894 चा, नगर जिल्ह्यातल्या कर्जतचा. पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर!’ 1917 मध्ये आली, तीही मेरी कॉरेलीच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली. तेव्हा प्रेमकथेचा साचा उसनाच होता म्हणायचा. पण ‘कुलाब्याची दांडी’, ‘जादूगार’, ‘दौलत’ येईपर्यंत पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांतल्या मुली कॉलेजात दिसू लागल्या होत्या. वीस वर्षांची, शिकलेली आणि अजून अविवाहित मुलगी! रिसबुडांना जी मिळाली नाही, ती फडक्यांना समोरच भेटली. शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं तेही 1929 मध्येच.

माझी नोकरी कोल्हापुरात एका पेठेतल्या वाचनालयात गेली. फडके इथल्याच राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, त्यामुळे म्हाताऱ्या सभासदांना त्यांच्याविषयी वाचकापेक्षा शेजाऱ्यासारखा जिव्हाळा. कपाटातली ‘दौलत’ बाइंडरकडे वारंवार जायची. पुस्तक आपोआप कुठल्या पानावर उघडतं ते बघावं, म्हणजे वाचक कुठे रेंगाळलेत ते कळतं. आमच्या प्रती हमखास नायक-नायिकेच्या संभाषणावर उघडायच्या. परक्या पुरुषाशी चारचौघांत, न लाजता, जरा खोडकरपणे बोलायचं कसं, याचा पाठ घरात कुणी देत नव्हतं. तो इथे मिळायचा. शिष्ट मंडळींनी या कादंबऱ्यांना गुळगुळीत म्हटलं. आहेतच त्या. माणसं देखणी, पैशाची ददात नाही, देशातली चळवळसुद्धा पुष्कळदा प्रेमाच्या मागे टांगलेल्या पडद्यासारखी. पण कथानकाची वीण बघा: कुठलं पत्र कधी उघडायचं, कुणाला कुठल्या प्रकरणात आणायचं, सगळं हिशेबात. हे कसब शिकता येतं असं ते मानत, आणि ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी ते शिकवलंही. प्रतिभेला दैवी मानणाऱ्यांना ते झोंबलं.

कला कलेसाठी की जीवनासाठी, या वादात फडके एका टोकाला, कादंबरीकार खांडेकर दुसऱ्या. खांडेकरही कोल्हापुरातच राहायला आले होते! आमच्या वहीत मात्र एकाच बाईंच्या नावावर या आठवड्यात खांडेकर, पुढच्या आठवड्यात फडके.

फडक्यांना 1940 मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, 1962 मध्ये पद्मभूषण, 1978 मध्ये पुण्यात निधन. दुसरा विवाह कमल दीक्षितांशी, त्याही पुढे कादंबरीकार झाल्या. त्या लग्नावरून गावात बरंच बोललं गेलं; त्यातलं किती खरं, या फंदात मी पडत नाही.

मला जास्त कुतूहल त्यांच्या एका वेगळ्याच पुस्तकाचं. संततिनियमनाचा पुरस्कार करणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1927 मध्ये निघालं, त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. म्हणजे लग्नानंतर बाईच्या वाट्याला काय येतं, हे या माणसाला चांगलं ठाऊक होतं. तरी मी वाचलेल्या त्यांच्या बहुतेक प्रेमकथा दोघांचं जुळलं की आटोपतात. पहिल्या बाळंतपणापर्यंत एखादी नायिका त्यांनी आणली असती, तर खांडेकरांच्या वाचकांनाही हेवा वाटला असता.