गाळाचा उलटा हिशेब

घोड नदीच्या काठी, इनामगावच्या बाजूला, एका घळीत उतरलो होतो. घळ ज्यांच्या शेताची कड खात चालली आहे, ते आजोबा सोबत होते. समोर दोन-तीन पुरुष उंचीची पिवळट मातीची भिंत. तिच्यावर थाप मारून ते म्हणाले, "एवढा गाळ आणून टाकला म्हंजी तवा पाऊस केवढा आसंल बघा!"

हे त्यांचं एकट्याचं मत नाही. काठची जमीन म्हणजे पुराचं दान, आणि दान जितकं मोठं तितका दाता मोठा, हे आपण सगळेच धरून चालतो. त्याला आधार नाही असंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर सांगली-कोल्हापूरच्या लोकांनी घराघरांतून चिखल उपसला. पूर गाळ आणतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

जाणकारांची चूक जरा वेगळ्या जातीची होती. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या पिढीनं नेवाशाजवळ प्रवरेच्या आणि नाशिककडे गोदावरीच्या काठांवर दगडी हत्यारं शोधताना थरांच्या जोड्या लावल्या: खाली गोटे, वर बारीक गाळ, पुन्हा गोटे, पुन्हा गाळ. आफ्रिकेतल्या अभ्यासातून आलेली 'पर्जन्ययुगा'ची कल्पना तेव्हा जगभर चलनात होती. तिच्या धर्तीवर भरड थर म्हणजे ओला काळ आणि बारीक थर म्हणजे कोरडा, असं वाचन रूढ झालं. या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. तो पाया नसता तर आज वाद घालायलाही काही उरलं नसतं. पण आजोबा आणि ते संशोधक, दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती: थर म्हणजे पावसाची नोंदवही. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

भिंतीकडे जवळून पाहू. तळाला काळा कातळ. त्यावर चुन्यानं घट्ट सांधलेले गोटे आणि भरड वाळू. वर मीटरच्या मीटर पिवळट गाळ, आणि त्यात जागोजाग पांढरट, ओबडधोबड, सुपारीएवढे खडे: कंकर. एक खडा फोडून भुकटीवर लिंबू पिळलं की बारीक फसफस उठते. तो चुना आहे. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून थोडं खाली नेतं आणि पुढचा पाऊस येण्याआधीच सुकून जातं. मागे राहतो तो कंकर. भरपूर पाऊस असेल तर चुना धुऊन जातो. घाटमाथ्यावरच्या तांबड्या मातीत कंकर शोधून पाहावा.

यावर चांगला प्रतिवाद आहे. गाळ ओल्या काळात साचला आणि कंकर त्यात नंतर, कोरड्या काळात तयार झाला, असं का म्हणू नये? काही कंकराबाबत हे खरंही असेल. पण दख्खनच्या अशा भिंतींमध्ये गाळाच्या मधोमध गोट्यांचे पातळ पट्टे सापडतात आणि त्यांत गोल घासलेले कंकरच असतात. म्हणजे दरी भरत असतानाच शेजारच्या मातीत कंकर तयार होत होता, सुटत होता, वाहून येत होता. कोरडेपणा नंतर आलेला पाहुणा नव्हे, तो त्या घरातच नांदत होता.

दुसरी साक्ष वेगळ्याच खोऱ्यातली. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कोरीव नक्षीची टरफलं मिळाली. वय सुमारे २५ हजार वर्षं. शहामृग हा उघड्या माळाचा पक्षी. तो ज्या काळात खानदेशात अंडी घालत होता, त्या काळाला पर्जन्ययुग म्हणायला जीभ वळत नाही.

मग कमी पावसात एवढा गाळ आला कुठून? प्रश्न पाण्याचा नाही, ओझ्याचा आहे. आमच्या नद्यांची ताकद घाटमाथ्यावर ठरते. तिथं वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, आणि इनामगावच्या बाजूला, शिरूरला, जेमतेम पाचशेच्या आसपास. मान्सून अशक्त झाला की पर्जन्यछायेतल्या उतारांवरचं गवत-झाड विरळ होतं, उघडी माती वळवाच्या एकेका सरीनं ओघळते. इकडे ओझं वाढलं, तिकडे घाटातून येणारं पाणी घटलं. नदी ते पेलू शकत नाही, जागीच टाकत जाते. मान्सून जोरात आला की उलट: उतार हिरवे, पाणी मोठं, ओझं हलकं. अशी नदी टाकत नाही, चिरते. विश्वास काळे आणि शरद राजगुरू या संशोधकांनी १९८७ मध्ये 'नेचर'मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांचा असाच हिशेब मांडला. हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यात दऱ्या भरल्या, आणि सुमारे १० हजार वर्षांपूर्वी मान्सून सावरल्यावर नद्यांनी तोच गाळ कापत तळ गाठला. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इनामगावला शेतकरी वसले, तेव्हा भरण्याचं हे काम कधीच उरकलं होतं. ते राहिले याच गाळाच्या माथ्यावर.

चिरणं पाहायचं तर घोडेला मिळणाऱ्या कुकडीवर, पारनेर तालुक्यातल्या निघोजला जावं. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कातळात कोरलेले रांजणखळगे तिथं आहेत. सहलीचे फोटो त्यांचेच निघतात. पण भरलेली नदी कातळाला हात लावू शकत नाही, एवढं ध्यानात घेतलं की ते खळगेही आपल्याच बाजूनं बोलतात.

समुद्राची पातळी हिमयुगात शंभराहून अधिक मीटर खाली गेली होती, त्यामुळे नद्यांचं वागणं बदललं, असंही कुणी सुचवतं. घोडेचं पाणी भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. इतक्या लांबच्या खेचाखेचीची दाद शिरूरला लागणं कठीण.

थरांच्या जोड्या लावण्याच्या पद्धतीला तर कुकडीनंच सुरुंग लावला. तिच्या काठच्या बोरी गावी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. एका मापनानं तिचं वय १४ लाख वर्षांच्या घरात काढलं, दुसऱ्यानं पावणेसात लाख. राखेतल्या काचेच्या रसायनावरून तिसऱ्यांनी ती सुमात्रातल्या तोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. कोण बरोबर, हा वाद मी इथं सोडवत नाही. मुद्दा इतकाच की, इथले गोटे आणि तिथले गोटे दिसायला सारखे म्हणून एकाच युगाचे, हे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

माझ्या बाजूचीही मर्यादा सांगतो. हा हिशेब दख्खनच्या पठाराचा आहे; गंगेच्या मैदानाला तो तसाच लावू नये. आणि घोडेच्याच पात्रालगत, उंच भिंतीच्या पायथ्याशी, अलीकडच्या पुरांनी टाकलेली काळसर गाळाची बुटकी पायरी आहे. तिच्यापुरतं आजोबांचं म्हणणं मला मान्य आहे.

हे सगळं त्यांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी कंकराचा खडा हातात फिरवला. "म्हंजी आमचं रान दुष्काळानं भरलं म्हना की," ते म्हणाले, आणि लगेच विचारलं की विहिरीला पाणी मग गोट्यांत का लागलं, पिवळ्या मातीत का नाही. बारीक गाळ पाणी धरून ठेवतो, सोडत नाही. गोट्यांच्या फटींतून ते खेळतं, असं म्हणेपर्यंत ते मोटर चालू करायला वर निघालेही होते. वीज आली होती.