घोड्याचा ओठ आणि रक्तातील साखर

१८८७ साली फ्रान्समध्ये शोव्हो व काउफमान यांनी घोड्याचा वरचा ओठ उचलणारा स्नायू निवडला. घोडा स्वस्थ असताना आणि वैरण चघळताना, त्या स्नायूत शिरणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या रक्तातील साखर त्यांनी मोजली. चघळताना स्नायू कितीतरी अधिक साखर ओढून घेई. इन्शुलिनचा शोध अजून ३४ वर्षे दूर होता! १९२६ मध्ये लंडनचे डॉक्टर लॉरेन्स (स्वतः मधुमेही) यांनी दाखविले की, व्यायामाने इन्शुलिनचा प्रभाव वाढतो. राबता स्नायू इन्शुलिनवाचूनही साखरेला दार उघडतो, हे पुढे कळले.

यंत्रमागावर जन्म घालविलेले माझे काही सोबती आज मधुमेही आहेत. गाळलेला घाम पुरेल, असे त्यांना वाटे. पण व्यायामाचा हा गुण एक-दोन दिवसांतच ओसरतो.