इंधनातले औषध आणि त्याची किंमत



सुट्या भागांच्या दुकानात आणि काही पेट्रोलपंपांवर लहान लहान बाटल्या मांडलेल्या दिसतात. टाकीत एक बाटली ओता, इंजिन स्वच्छ होईल, गाडी जास्त पळेल, धूर कमी होईल, असे त्यांवर लिहिलेले असते. इंग्रजीत त्यांना अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. मी आज सोयीसाठी औषध म्हणेन. माझा जन्म गेला गॅरेजच्या आणि कारखान्यांच्या कामगारांत. शिक्षण म्हणाल तर रात्रीच्या वाचनालयात आणि फिटर मंडळींच्या शेजारी बसून झालेले. तेव्हा डिझेल गाडीचे मालक मला विचारतात, "काय हो, हे औषध घालावे की नाही?"

उत्तर थोडक्यात देऊन टाकतो. आपण पंपावर जे डिझेल घेतो, त्यात औषध आधीच घातलेले असते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले. त्यात ठिणगी नाही. हवा दाबून इतकी तापवायची की तेल आपणहून पेटावे. तेल किती चटकन पेटते त्याचे माप म्हणजे सीटेन अंक. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा प्रमाणात तो निदान ५१ लागतो, आणि गंधक दहा लाख भागांत दहा भागांहून अधिक चालत नाही. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत तेलाचा अंगचा ओशटपणाही जातो आणि पंप व इंजेक्टर झिजू लागतात. म्हणून वंगणाचे औषध मिसळून मगच तेल बाहेर पाठवतात. थंड मुलखात डिझेलमधले मेण गोठते, तिथे त्यावरचे औषध खरोखर उपयोगी. आपल्या सोलापूर-नागपूरच्या उन्हात त्याचे काय काम? इंजेक्टरवर काजळी धरली असेल तर धुणाऱ्या औषधाने काही गुण येतोही. पण झिजलेला भाग बाटलीने भरून येत नाही. गाडीबरोबर आलेले पुस्तक जे घालू नका म्हणते ते घालू नये, आणि बाकी पैसे चांगल्या फिल्टरवर खर्च करावेत.

गुण आला नाही तर मालकाचे चार पैसे गेले, इतकेच. पण औषध उपयोगी आहे की नाही, हा प्रश्न नेहमी टाकीपाशी उभे राहूनच विचारला जातो. ते तयार करणाऱ्या माणसापाशी उभे राहून तो विचारला तर उत्तर काय येते? हे ज्यात लख्ख दिसते असे एक औषध इतिहासात होऊन गेले. ते डिझेलचे नव्हे, पेट्रोलचे. गोष्ट अमेरिकेतली आहे.

पेट्रोलचे इंजिन डिझेलच्या नेमके उलटे. तिथे इंधन ठिणगीची वाट पाहत थांबले पाहिजे. आपणहून पेटले तर आत ठोके बसू लागतात. इंजिनातला दाब वाढवावा तर ठोके वाढतात आणि दाब न वाढवावा तर शक्ती मिळत नाही, अशी १९२० च्या सुमारास मोटारधंद्याची अडचण होती. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिज्ली हे अभियंते ठोक्यांवर औषध शोधत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी ते सापडले: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक द्रवरूप संयुग. पावणेचार लिटरच्या अमेरिकन गॅलनला तीन घनसेंटिमीटर पुरे. गुण अगदी खरा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ठोके थांबले.

दुसरे औषध नव्हते काय? होते. मद्यार्क मिसळला तरी ठोके थांबतात. खुद्द मिज्लीच १९२१ च्या ऑक्टोबरात मद्यार्क मिसळलेल्या इंधनावर गाडी चालवीत डेटनहून इंडियानापोलिसला अभियंत्यांच्या सभेस गेले होते. पण मद्यार्क कोणीही गाळू शकतो. त्याच्यावर पेटंट मिळत नाही. शिशाच्या संयुगावर मिळत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतील डेटन येथे हे पेट्रोल विक्रीस आले, ते 'एथिल' या नावाने. शिसे हा शब्द नावात कुठेच नव्हता. शिशाने माणसास विषबाधा होते हे तर रोमन काळापासून ठाऊक होते. मग तो शब्द पंपावर कोण लिहील!

आता कारखान्यात चला. हे संयुग श्वासावाटे तर जातेच, पण कातडीतूनही शरीरात शिरते आणि थेट मेंदूवर जाते. डेटनला १९२४ सालीच दोन कामगार मेले. न्यू जर्सीत डीपवॉटर येथे द्यू पाँ कंपनीचा कारखाना होता. तिथल्या कामगारांना हवेत नसलेले किडे उडताना दिसत आणि ते हातांनी हाकलीत. त्या इमारतीला कामगारांनी 'फुलपाखरांचे घर' असे नाव ठेवले होते. न्यू जर्सीतच बेवे येथे स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात ऑक्टोबर १९२४ च्या अखेरच्या आठवड्यात कामगार भ्रमिष्ट झाले, काहींना बांधून इस्पितळात न्यावे लागले. पाच जण मरण पावले, तीसहून अधिक आजारी झाले. कंपनीच्या माणसाने वार्ताहरांना कारण सांगितले ते असे, की फार काम केल्यामुळे त्यांना वेड लागले असावे!

हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. बॅटरीच्या प्लेटा ओतणाऱ्या एका कारखान्यात आमची संघटना होती. तिथले लोक पोटात कळा येतात म्हणून सांगत, एकेकाच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसे. व्यवस्थापकांचे ठरलेले उत्तर होते: तिखट खाता, दारू पिता, मग पोट दुखणारच. मजुराचा रोग नेहमी मजुराच्या घरातून आलेला असतो, कारखान्यातून कधीच नाही.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिज्लींनी वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून हुंगली. काही धोका नाही, हे दाखवायचे होते. त्याच मिज्लींना १९२३ च्या आरंभी शिशाची बाधा झाल्यामुळे काम सोडून फ्लॉरिडात विश्रांतीस जावे लागले होते, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही.

न्यूयॉर्क शहराने आणि आणखी काही ठिकाणच्या सरकारांनी विक्री बंद केली. मग २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला सरकारी आरोग्यप्रमुखांनी परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडेल हेंडरसन यांनी धोक्याची सूचना दिली. कारखान्यातले मृत्यू तर झालेच, पण रस्त्यारस्त्यांतून शिशाची धूळ सबंध लोकवस्तीवर बसेल, हे त्यांचे म्हणणे. एथिल कंपनीचे फ्रँक हॉवर्ड यांनी या शोधाला ईश्वराची देणगी म्हटले. त्यावर कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ग्रेस बर्नहॅम उठल्या आणि म्हणाल्या, की जे कामगार मेले त्यांच्या दृष्टीने ही देणगी नव्हे. त्या सभेतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे वाक्य.

पुढे सात जणांची समिती नेमली गेली. तिने थोड्या महिन्यांत २५२ माणसे तपासली आणि जानेवारी १९२६ मध्ये कळवले, की बंदी घालण्यास तूर्त सबळ कारण दिसत नाही. मात्र दीर्घकाळानंतर दुष्परिणाम दिसू शकतील, म्हणून अभ्यास चालू ठेवावा. 'मात्र'च्या पुढचे वाक्य विसरले गेले. विक्री पुन्हा सुरू झाली आणि अभ्यास गेला तो धंद्याच्याच पैशावर काम करणाऱ्या डॉ. रॉबर्ट केहो यांच्या हाती. त्यांचा दंडक असा: धोका सिद्ध करून दाखवा, तोवर विक्री चालू. सिद्ध करण्याची साधने मात्र त्यांच्याच प्रयोगशाळेत होती. हा चाळीस वर्षांचा काळ होय.

तो कोंडा फोडला एका भूरसायनशास्त्रज्ञाने, आणि तोही वेगळेच मोजता मोजता. क्लेअर पॅटरसन हे शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचे वय काढीत होते. १९५६ साली त्यांनी ते सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. पण त्यांच्या नमुन्यांत बाहेरचे शिसे सारखे शिरे. हवेत, पाण्यात, धुळीत, जिकडेतिकडे शिसे. १९६५ साली त्यांनी लिहिले, की आज ज्याला आपण शरीरातले साधारण शिसे समजतो ते नैसर्गिक मुळीच नव्हे. केहो ज्या मापाने सर्वांना निरोगी ठरवीत होते, ते मापच दूषित होते.

तरीही बंदी आली ती माणसांची कीव येऊन नव्हे. १९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला, आणि शिशाने तो यंत्रभाग निकामी होई. यंत्राला विष चालेना, तेव्हा पंपावर शिशाविना पेट्रोल मिळू लागले. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या लोकांच्या रक्तातील शिसे सरासरी ३७ टक्क्यांनी उतरले. १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी अमेरिकेत पूर्ण बंदी आली. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. शेवटचा देश अल्जीरिया. तिथला साठा २०२१ च्या जुलैत संपला.

आणि मद्यार्क? आमच्या सरकारने १९४८ सालीच इंधनात मद्यार्क मिसळण्याचा कायदा केला होता. तो कागदावरच राहिल्यासारखा झाला. आज मात्र पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के मद्यार्क असतो, त्यातला बराचसा आमच्या साखर कारखान्यांच्या मळीतून आणि रसातून आलेला. त्याने गाडीचे काय होते, यावर मोटारमालक हिरिरीने वाद घालतात. घालावा. ऊस तोडणाऱ्यांना आणि डिस्टिलरीच्या टाकीत उतरणाऱ्यांना कोणी विचारले आहे की नाही, एवढे मी आपल्या साखर कारखान्याच्या सभासद श्रोत्यांना विचारतो. त्यांची उत्तरे व्याख्यान संपल्यावर ऐकायला मी इथेच थांबणार आहे.