पाण्याची लेन

रात्रीचे साडेदहा वाजलेत. जयपूरच्या आदर्श नगरात, भाड्याच्या खोलीबाहेरच्या गच्चीवर कठड्याला टेकून तुम्ही मोबाईलवर एकच फोटो पुन्हा पुन्हा बघताय. जांभळट काळोखात एक नारिंगी पट्टी, शेजारी लॅडरच्या पायऱ्या. डीएनएचा 205 अक्षरांचा तुकडा, 200 च्या पायरीच्या केसभर वर. खाली घरमालकीणबाई गेटला कुलूप लावता लावता विचारतात, “बेटा, खाना खाया?” तुम्ही मान हलवता. दसरा आठवड्यावर आलाय, मैदानात रावणासाठी बांबू येऊन पडलेत. चंद्रपूरला आईला फोन करून ‘बँड आला’ म्हणून सांगावं, तर ती विचारील, कुणाच्या वरातीत?

मागे चला. फार नाही, सहा तास.

दुपारचे साडेचार. लॅबमध्ये तुम्ही मायक्रोवेव्हच्या काचेला नाक लावून उभे आहात, कारण अॅगरोज दुधासारखं उतू जातं. समुद्री शेवाळातला पदार्थ. फालुद्यात घालतात त्या चायना ग्रासचाच साफसूफ केलेला भाऊ. फ्लास्क हाताला सोसेल इतका निवला की कोपऱ्यातल्या टेबलाकडे जायचं. तिथे टेपवर मार्करनं ‘ईटीबीआर’ लिहिलंय. तिथलं पिपेट, तिथली टोपली, तिथले हातमोजे सगळं वेगळं. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखं, फक्त उलट्या अर्थानं. 50 मिलीलीटर जेलमध्ये 25 मायक्रोग्रॅम इथिडियम ब्रोमाइड, डीएनए चमकवणारा रंग. ट्रेमध्ये ओतायचं, कोंब म्हणजे कंगव्यासारखा साचा लावायचा, वाट बघायची.

कोंब अलगद उपसला की खाचा राहतात, त्या वेल. निळ्या रंगात मिसळलेला नमुना पिपेटच्या टोकातून सोडला की तो जड असल्यानं बफरमधून संथ खाली बसतो. पहिल्या वेलमध्ये लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, मग पाच उंटांचे नमुने, सातवीत खात्रीचा पॉझिटिव्ह, आठवीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालून केलेला पीसीआर. ती पाण्याची लेन, रिकामीच राहायला हवी. वायरी लावताना दोनदा बघता. डीएनए ऋणभारित, तो धन टोकाकडे पळतो, आणि गेल्या महिन्यात तुम्ही वायरी उलट लावून अख्खा नमुना वेलमधून मागे बफरमध्ये पाठवला होता. शंभर व्होल्ट. तारेवरून बारीक बुडबुडे उठतात. लहान तुकडे जाळीतून भराभर पुढे, मोठे रेंगाळत मागे. पाऊण तासानं अंधाऱ्या खोलीत जेल ट्रान्सइल्युमिनेटरवर ठेवून बटण दाबता. दारातून सर विचारतात, “आला का?”

आला. तिसऱ्या लेनमध्ये. तुम्ही घाईनं मोबाईलवर फोटो काढता.

हा 205 चा तुकडा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायचा. उंटा-घोड्यांना आणि गाई-म्हशींना होणारा सर्रा, चावऱ्या माश्यांनी एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेलेला. राजस्थानात उंटवाले त्याला ‘तिबरसा’ म्हणतात: तीन वर्षं जनावर झिजत राहतं, म्हणून.

आणखी मागे. 2004. तुमच्याच जिल्ह्यातला एक शेतकरी नागपूरच्या सरकारी रुग्णालयात आहे. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो; पाच महिने हेच. मलेरिया शोधायला घेतलेल्या काचपट्टीवर रक्तपेशींच्या मधून काहीतरी शेपटासारखं वळवळतंय, असं समजा, आणि तुम्ही त्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेले आहात. तुमचा विश्वास बसत नाही, कारण हा जंतू माणसाला होत नाही. आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारून टाकतं. डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हा रुग्ण जगापुढे मांडला. माणसातल्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायच्या लागणीचा हा पहिला सिद्ध दाखला. सूक्ष्मदर्शक, रक्तजलाच्या चाचण्या, डीएनएच्या चाचण्या, सगळ्यांनी एकच नाव घेतलं तेव्हाच ते मान्य झालं. सुरामिन देऊन रुग्ण बरा झाला. पुढच्या वर्षी कारणही सापडलं: ‘एपोएल-1’ नावाचं ते संरक्षक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच.

एका चाचणीवर का नाही भागलं? कारण इथिडियमला डीएनए दिसतो, पण कुणाचा आहे हे कळत नाही. डीएनएच्या जोड्या भाकरींच्या चळतीसारख्या एकावर एक बसलेल्या असतात. हा चपटा रेणू दोन भाकरींच्या मध्ये सरकतो. बाहेर पाण्यात त्याचा उजेड विझतो; आत शिरला की पाण्यापासून सुटका, आणि अतिनील प्रकाशाखाली तो वीसेक पट जास्त चमकतो. उंट असो, शेतकरी असो, तुमच्या बोटावरचा जंतू असो, चळत मिळाली की झालं. तुकडा कुणाचा हे पट्टीच्या जागेवरून आपण ठरवायचं.

1973. अमेरिकेत लाँग आयलंडवर, कोल्ड स्प्रिंग हार्बरची प्रयोगशाळा. इथे पोचल्यावर तुम्हाला सगळं ओळखीचं वाटेल, आणि गंमत तीच आहे. याआधी जेलमधला डीएनए शोधायचा तर त्याला किरणोत्सर्गी खूण लावा, जेलचे पातळ काप करा, एकेक काप मोजणीयंत्रात घाला. फिल शार्प, बिल सगडेन आणि जो सॅमब्रुक जेलमध्येच इथिडियम घालतात आणि दिवा लावतात. एकाच जिवाणूतली दोन कात्री-विकरं त्यांना वेगवेगळी दिसतात. आदल्या वर्षी अॅमस्टरडॅममध्ये पीट बोर्स्टच्या प्रयोगशाळेनंही इथिडियम लावून जेल वाचली होती. हेच बोर्स्ट पुढे ट्रिपॅनोसोमांच्या संशोधनासाठी नावाजले गेले. योगायोगावर माझा फारसा विश्वास नाही, पण हा मला सोडवत नाही.

कारण आता 1952. नॉटिंगहॅममध्ये बूट्स या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉटकिन्स आणि वुल्फ डिमिडियम नावाच्या औषधाशी खटपट करतायत. ते आफ्रिकेतल्या गुरांचे ट्रिपॅनोसोम मारतं खरं, पण गुरांनाही त्रास देतं. दोघे त्या औषधातला मिथाइल गट काढून इथाइल बसवतात. इथाइलवरून इथिडियम, गुरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात होमिडियम. म्हणजे जेल रंगवण्याच्या वीस वर्षं आधी हे गुरांचं इंजेक्शन होतं, नेमकं ट्रिपॅनोसोमावरचं. जंतूच्या डीएनएत, विशेषतः त्याच्या डीएनएच्या कड्यांच्या विचित्र गुंत्यात, घुसून बसायचं हाच त्याचा धंदा. (आपल्या उंटांच्या सर्ऱ्यावर मात्र क्विनापायरामीन किंवा सुरामिन दिलं जातं.)

मात्रा किती? किलोमागे एक मिलिग्रॅम. तीनशे किलोच्या गाईला तीनशे मिलिग्रॅम. तुमच्या आजच्या जेलशी भागाकार करून बघा: बारा हजार जेल. हे गणित कळल्यापासून कोपऱ्यातल्या टेबलाचं सोवळं जरा विनोदी वाटतं. हातमोजे काढू नका. यकृतातल्या विकरांशी गाठ पडली की हा रेणू जिवाणूंत उत्परिवर्तनं घडवतो, हे सिद्ध आहे. पण त्या भीतीपायी नवा महाग रंग घेणारी आणि अतिनील दिव्यासमोर चेहऱ्याचं कवच न घालणारी माणसं मी पाहिलीत. नवे रंग वाईट नाहीत. जेलरेड म्हणजे दोन इथिडियम जोडून केलेला बोजड रेणू, पेशीच्या आवरणातून सहसा शिरत नाही. सायबर सेफ निळ्या प्रकाशात दिसतो, त्यामुळे क्लोनिंगसाठी पट्टी कापताना डीएनए भाजत नाही. तुमच्या फ्रीजमध्ये जेलरेडची कुपी आहे; जुनं संपल्याशिवाय सर ती फोडू देत नाहीत.

नॉटिंगहॅमात हे चाललंय तेव्हा आदर्श नगर कुठे आहे? तिथेच परतून बघा. फाळणीनंतर आलेली कुटुंबं घरं उभी करतायत. मुलतानहून आलेल्या दिगंबर जैनांचं मंदिर आजही इथे आहे, आणि घरमालकीणबाईंच्या सासूबाई मुलतानच्याच. दगड-चुना घेऊन येणाऱ्या उंटगाडीपुढे तुम्ही बाजूला होता. उंटाची बरगडी न बरगडी मोजता येते, वशिंड एका अंगाला कललंय. गाडीवान तुमच्याकडे न बघताच म्हणतो, “तिबरसा है, साहब.” वशिंड कललं म्हणजे तिबरसाच असं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यानं तीन वर्षं तो उंट पाहिलाय आणि तुम्ही तीन मिनिटं.

सासूबाईंच्या मुलतानपासून सिंधूच्या वरच्या अंगाला दोनेकशे किलोमीटरवर डेरा इस्माईल खान. 1880. ग्रिफिथ इव्हान्स हा वेल्श पशुवैद्य मरणाऱ्या लष्करी घोड्यांचं आणि उंटांचं रक्त तपासतोय. ना रंग, ना पीसीआर. काचेवर ताज्या रक्ताचा थेंब, आणि त्यात लाल पेशींना ढुशा देत पळणारे जीव. आजार यांच्यामुळेच, असं तो म्हणतो. तेव्हाच्या जाणकारांना ते पटत नाही: रक्तात जंतू सापडला म्हणजे त्यानंच रोग केला कशावरून? चिडू नका त्यांच्यावर. प्रश्न वाजवी होता. इव्हान्सनं आजारी जनावराचं रक्त निरोगी जनावराला टोचून उत्तर दिलं. जंतूला त्याचं नाव मिळालं ते नंतर.

पावणेबारा. गच्ची. बांबू ठोकण्याचा आवाज थांबलाय. सरांना फोटो पाठवायचा म्हणून तुम्ही तो कापायला घेता. तिसरी लेन मधोमध यावी, एवढंच. मग का कोण जाणे, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवता आणि दोन बोटांनी उजवा कोपरा मोठा करता.

आठवी लेन. पाण्याची. 205 च्या जागी, अगदी फिकट, नारिंगी काहीतरी आहे.

तुम्ही फोटो पाठवत नाही. सकाळी नवं पाणी, नवे प्रायमर, नवी पिपेटची टोकं. पाचही उंट पुन्हा पहिल्यापासून. सरांना मेसेज टाइप करता: “सर, निगेटिव्हमध्ये बँड आहे. उद्या रिपीट करतो.”