टिपणाविना आकडे

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि जानेवारीपर्यंत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरांवरून ११ डॉलरांच्या पुढे गेला. १९८० पर्यंत ऊर्जेच्या बाबतीत स्वावलंबी होण्याचा संकल्प अध्यक्ष निक्सन यांनी नोव्हेंबरातच जाहीर केला होता. तो कितपत पेलेल हे तपासण्यासाठी तेथील ऊर्जा प्रशासनाने १९७४ मध्ये संगणकावर एक प्रतिमान, म्हणजे मॉडेल, रचले. 'पाइज' हे त्याचे संक्षिप्त नाव.

कोळसा, तेल आणि वायू कोठून किती निघेल, तो कोणत्या वाटेने जाईल, याचा हिशेब एका बाजूस. कोणत्या भावाला लोक किती इंधन मागतील याचा अंदाज दुसऱ्या बाजूस. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत यंत्राने पुन्हा पुन्हा गणित करावयाचे, अशी ही रचना. त्या वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या अहवालात पिंपाला ७ डॉलर आणि ११ डॉलर असे दोन भाव धरून भवितव्य मांडले होते. ११ डॉलर धरले की मागणी आवरे, देशातील उत्पादन वाढे आणि आयात घटे. ७ डॉलर धरले की परावलंबन कायम. अर्थात निष्कर्ष बव्हंशी गृहीतकांतच दडलेला होता, आणि ती गृहीतके नीट लिहून ठेवलेली नसतील तर संसदेने मत तरी कशाच्या आधारे द्यावे?

आम्ही हयात सरकारी दफ्तरात घालविली. निर्णय सापडतो, पण तो ज्या टिपणीवर घेतला ती सापडत नाही, हा अनुभव आम्हांस नवा नाही. फरक इतकाच की फायलीत निदान कोणाची तरी सही असते.

१९७६ च्या कायद्याने संसदेने या कामावर तपासनीसांचे स्वतंत्र पथक नेमले. प्रतिमानांची विश्वासार्हता सिद्ध झालेली नाही आणि त्यांचे कागदपत्र अपुरे आहेत, असा ठपका त्या पथकाने ठेवला. पुढे राष्ट्रीय मानक संस्थेत सॉल गॅस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कागदपत्रांचाच अभ्यास केला. १९८१ मध्ये त्यांनी वाचकांनुसार चार पायऱ्या सुचविल्या: केवळ यंत्र चालविणारा, उत्तरे वापरणारा, दुरुस्ती करणारा आणि मूल्यमापन करणारा. पहिल्यास कळा दाबण्याची रीत पुरे. चौथ्यास मात्र प्रत्येक गृहीतकाचे कारण हवे. लेखनाचे नियोजन आणि त्यासाठी पैशाची तरतूद काम सुरू होतानाच व्हावी, हा गॅस यांचा आग्रह आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. काम संपल्यावर लिहू म्हटले की लिहिणारा दुसऱ्या खात्यात गेलेला असतो!

दरम्यान १९७७ च्या कायद्याने ऊर्जा-माहितीचे स्वतंत्र प्रशासन स्थापन झाले होते. त्याच्या प्रमुखास आकडे प्रसिद्ध करण्यापूर्वी वरिष्ठांची मंजुरी घेण्याची गरज उरली नाही. याच प्रशासनाने १९९० च्या दशकात 'नेम्स' हे नवे प्रतिमान आणले, तेव्हा त्याच्या एकेका भागाची पुस्तिका छापली. जुनी भाकिते प्रत्यक्षात किती चुकली, याचे तक्तेही त्याने प्रसिद्ध केले.