काय वाढले? त्याआधी, कुणी वाढले?

आजचा धागा बाहेरच्या जेवणाविषयी.

महाराष्ट्र पाहायला आलेला पर्यटक पहिल्याच जेवणाला विचारतो, ‘इथले पारंपरिक काय मिळेल?’ मग पिठले-भाकरी, भरले वांगे, ठेचा, मिसळ अशी यादी त्याच्यापुढे येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच भूमीतून प्रवास करणाऱ्या कित्येकांचा पहिला प्रश्न निराळा असे: ‘स्वयंपाक कुणाच्या हातचा?’

सुरुवात राहूपासून करू. दौंड तालुक्यातील मुळा-मुठा आणि भीमा यांच्या कुशीतला हा पट्टा ‘राहू बेट’ म्हणून ओळखला जातो. ऊस आणि गुऱ्हाळे यांचा हा मुलूख. जवळच पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत येथे मुक्कामाला येते, तेव्हा यवतकर वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. परगावच्या माणसाला जेवू घालण्याची आपली जुनी रीत हीच. अन्न दिले जाई, विकले जात नसे. आज हॉटेलच्या फलकावर ‘गावरान’ म्हणून मिरवणारे पिठले हे मुळात पाहुणचाराचे, शेताच्या बांधावरचे आणि घाईच्या वेळचे अन्न.

ज्याला असा पाहुणचार लाभत नसे, तो शिधा बांधून निघे आणि धर्मशाळेत स्वतःची चूल मांडी. दशमी ही प्रवासाचीच सोय. पाण्याऐवजी दुधात पीठ मळले की ती अधिक टिके. शिवाय सोवळ्याच्या नियमांतूनही तिला सवलत मिळे. आपल्या खाद्यसंस्कृतीतील एका रुचकर पदार्थामागे विटाळाचे शास्त्र उभे आहे, हे चव घेताना सहसा ध्यानात येत नाही.

रेल्वेने ही घडी विस्कटली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंडला उत्तर-दक्षिणेची माणसे गाडी बदलू लागली. डब्यातील बाकावर जात पाहून जागा वाटणे कठीण होते. पाणी मात्र वाटता येत होते. स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे, आणि ही पद्धत विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकली.

पुण्यात तर एका चहाने वादळ उठवले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी होती. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून जगजाहीर केली. सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. काशीस आपले प्रायश्चित्त झाले आहे, असे टिळकांनी मांडले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा एक पेला चहा, आणि त्याचा हिशेब दोन वर्षे चालला!

अशा समाजात हॉटेल चालवायचे, तर पाटीवर जात लिहिणे हा व्यापाराचाच भाग होता. ‘ब्राह्मण’ हा शब्द नावात असलेली उपाहारगृहे पुण्या-मुंबईत निघाली, कारण ग्राहकाला पदार्थाआधी स्वयंपाक्याची खात्री हवी होती. मुंबईच्या गिरणगावात मात्र निकड वेगळी होती. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून खोलीत दाटीवाटीने राही. त्याला महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या स्त्रिया म्हणजे खाणावळवाल्या. घरचीच भाजी, घरचीच आमटी, पण आता तिला दाम होता. आजच्या ‘महाराष्ट्रीय थाळी’ची खरी आजी मला पेशव्यांच्या पंगतीत नव्हे, या खाणावळीत दिसते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले, तोवर या कष्टांची दखल इतिहासाने फारशी घेतलेली नव्हती.

आणि ज्याच्या हातचे कुणीच खाणार नाही, त्याने हॉटेल काढले तर? कोल्हापुरात गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत चाकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढून दिले. नाव ‘सत्यसुधारक’. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवीत, चहा मागवीत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजीत. राजाज्ञेने जे साधले नसते, ते राजाच्या तलफेने साधले. (छत्रपतींच्या हातात कप असताना ‘नको’ कोण म्हणणार?)

हा प्रश्न केवळ हिंदूंच्या पंगतीपुरता नव्हता. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. आजच्या भाषेत ती पर्यटकांची तुकडीच. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी प्रवेशाजवळच्या तळ्यातील पाणी घेतले, आणि तळे बाटवल्याचा ओरडा करीत स्थानिक मुसलमानांचा जमाव जमला. किल्ल्यात पाण्याला शिवणार नाही या अटीवर त्यांना आत सोडले, तेही सोबत पहारेकरी देऊन.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या मूलभूत हक्कांमध्ये, अनुच्छेद १५ मध्ये, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही अशा ठिकाणांचा स्पष्ट उल्लेख आहे: दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, त्यांच्यापाठोपाठ विहिरी, तळी, स्नानघाट. एवढ्या गंभीर ग्रंथात हॉटेल कशाला, असे वाटणाऱ्याने दौलताबादचे तळे आणि कोल्हापूरचे ‘सत्यसुधारक’ यांची आठवण ठेवून ते कलम पुन्हा वाचावे.

तुमच्या गावातील जुन्या खाणावळीच्या किंवा उपाहारगृहाच्या पाटीचे छायाचित्र घरी असेल, तर या धाग्याला जरूर जोडा. पाटीवरचे पूर्ण नाव दिसेल असे पाहा.